खडीचा हिशेब

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या माणसाच्या पगारातून दरमहा २०० रुपये कापले जातात, आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० रुपये. ही कपात व्यवसाय कराची. आयकर आणि भविष्य निर्वाह निधी यांच्या मोठ्या आकड्यांशेजारी ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. हा कर मुळात कशासाठी बसवला, हे आज फार थोड्यांना सांगता येतं. १ एप्रिल १९७५ पासून तो लागू झाला, तो एक वचन पाळण्यासाठी पैसा उभा करायला. खेड्यातल्या ज्या प्रौढ माणसाला अंगमेहनतीचं काम हवं आहे, त्याला सरकारनं ते दिलंच पाहिजे, हे ते वचन. मुंबईच्या फोर्टातल्या कारकुनानं आणि गिरणगावातल्या दुकानदारानं भरलेल्या पैशातून माण, आष्टी, सांगोल्याच्या माळावर बांध घालायचे, तलाव खणायचे आणि राबणाऱ्याला आठवड्याला मजुरी द्यायची. जगात असं कलम त्या वेळी कुठल्या सरकारनं स्वतःवर लादून घेतलं असेल, असं मला वाटत नाही.

त्या पैशाचं चीज झालं का, हा प्रश्न करदात्यानं विचारलाच पाहिजे. फक्त त्याचं उत्तर १९७५ पासून सुरू होत नाही. संकटात सरकारनं हात सैल सोडावा की आवळावा, हा वाद दख्खनमध्ये त्याआधी शंभर वर्षं चालला होता आणि त्याची किंमत माणसांनी मोजली होती.

त्याचं मूळ मात्र बिहारात आहे. १८७३-७४ मध्ये तिथे पीक बुडालं. ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या हाती तिथल्या दुष्काळी मदतीचा कारभार होता. त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, कामं काढली, ज्यांना काम झेपत नव्हतं त्यांना धान्य दिलं. सहा कोटींहून अधिक रुपये खर्च झाले आणि भुकेनं माणसं जवळजवळ मेली नाहीत. यावर टेंपल यांना शाबासकी मिळायला हवी होती. मिळाला तो उधळपट्टीचा ठपका. एवढा पैसा खर्चला आणि कुणी मेलं नाही, म्हणजे मुळात दुष्काळ तितका मोठा नसणारच, असा तर्क कलकत्त्यात आणि लंडनमध्ये चालला. टेंपल यांनी तो धडा मनावर घेतला.

१८७६ मध्ये दख्खनमध्ये पाऊस दगा देऊन गेला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, विजापूर आणि खाली मद्रास इलाखा, सगळीकडे हाहाकार उडाला. व्हाइसरॉय लिटन यांनी १८७७ च्या आरंभी पाहणीला पाठवले ते हेच टेंपल, आणि या वेळी काटकसर करण्याची सक्त सूचना देऊन. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, एवढ्यावर वेतन आणण्याचा आग्रह त्यांनी धरला. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला एवढ्यावर जगता येणार नाही, असं मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी लेखी बजावलं. मुंबई इलाख्यात मजुरांनी स्वतःच उत्तर दिलं. जानेवारी-फेब्रुवारी १८७७ मध्ये एक लाखाच्या आसपास माणसं सरकारी कामं सोडून निघून गेली. पोट भरण्याचं दुसरं साधन नसताना टाकलेला तो बहिष्कार होता. पुण्याची सार्वजनिक सभा, गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे अहवालामागून अहवाल पाठवत राहिले. त्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांवर माणसं गेली, हा खुद्द सरकारी अंदाज.

त्याच दुष्काळी कामांतून धोंड-मनमाड हा लोहमार्ग तयार झाला. १८७८ मध्ये त्यावरून गाड्या सुरू झाल्या आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्या कितीतरी गाड्या आजही त्याच वाटेनं जातात. जमाखर्चाच्या वहीत लोहमार्ग ही मत्ता म्हणून लिहिता येते. वाचवता आली असती अशी माणसं मात्र कुठल्याच बाजूला लिहिली जात नाहीत. सरकारी खर्चाचा मोबदला मोजताना होणारी सर्वांत मोठी चूक मला इथे दिसते. बिहारात पैसा माणसं वाचवण्यात गेला, म्हणून तो वाया गेल्यासारखा भासला. दख्खनमध्ये तो वाचवला गेला, म्हणून कारभार दक्ष ठरला.

एवढ्या मृत्यूंनंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग बसला. १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता निघाल्या. तत्त्व एका ओळीत सांगता येतं: धडधाकट माणसाला काम द्यावं, मजुरी पोटापुरती असावी, म्हणजे ज्याला खरी गरज आहे तोच येईल. ही कठोर कल्पना होती, पण तिच्यात एक व्यवहार होता. पैसा कुणाला द्यायचा हे ठरवायला तलाठ्याची यादी लागत नाही. उन्हात टिकाव मारण्याची तयारी हीच यादी. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून ही संहिता लोकांना उलगडून सांगितली, सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांना गावोगाव पाठवलं, आणि तुम्ही मागता ती भीक नाही, सरकारनं स्वतः लिहून दिलेला हक्क आहे, हे शेतकऱ्यांना पटवलं. तरी एक अडसर कायम राहिला. संहिता लागू व्हायची ती सरकारनं दुष्काळ जाहीर केल्यावर. भूक आधी येई आणि जाहीरनामा मागून.

१९७० पासून महाराष्ट्रात पाऊस ओढ देत होता. ७१ गेलं, आणि ७२ मध्ये कोरडं पडलं. मराठवाडा, सोलापूर, नगर, सांगली-साताऱ्याचा पूर्व भाग, पुण्याचे पूर्वेकडचे तालुके. ‘बहात्तरचा दुष्काळ’ असं नुसतं म्हटलं तरी या भागातल्या वयस्क माणसाच्या बोलण्याचा सूर बदलतो. १९७२-७३ चं धान्याचं पीक नेहमीच्या निम्म्यावरही आलं नाही. गुरं छावण्यांत गेली, विकली गेली, मेली. विहिरींचे तळ दिसू लागले.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारनं ठरवलं की जो येईल त्याला काम द्यायचं. रस्ते, खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध, शेतांची बांधबंदिस्ती, कालव्यांचं खोदकाम. आकडा वाढत गेला आणि मे १९७३ मध्ये एका वेळी कामावर असलेल्या माणसांची संख्या ५० लाखांच्या जवळ पोचली. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात साडेतीन कोटींच्या आसपास माणसं होती, त्यांत तान्ही मुलं आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारेही आले. म्हणजे खेड्यातल्या दर सात जिवांमागे एक जण सरकारी कामावर होता. अत्यंत ग्रासलेल्या जिल्ह्यांत हे प्रमाण त्याहून बरंच जास्त. काल ज्याच्या वावरात दहा मजूर राबत होते तो बागायतदार आणि ते मजूर एकाच टोळीत घमेली उचलत होते. कामावर सुकडी नावाचं पोषक खाणं वाटलं जाई. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी येई, तिची चव ज्यांनी घेतली ते अजून विसरलेले नाहीत.

या खर्चानं काय साधलं, हे समजायला अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा केलेला अभ्यास फार मोलाचा आहे. सरकारी रेशनमधून माणशी जे धान्य पोचलं ते अपुरं होतं. धान्याच्या आंतरराज्य वाहतुकीवर निर्बंध होते. १९७३ च्या एप्रिलमध्ये तर केंद्रानं गव्हाचा घाऊक व्यापारही आपल्या हाती घेतला. मग एवढी माणसं जगली कशी? मजुरीच्या पैशानं. माळावरच्या माणसाच्या हातात आठवड्याच्या आठवड्याला नोटा आल्या. त्या नोटांच्या मागे शेजारच्या राज्यांतलं धान्य व्यापाऱ्यांनी कायदा चुकवून आणलं. धान्य आपण होऊन भुकेल्याकडे येत नाही, ते त्याच्या हातातल्या पैशाकडे येतं. अर्थशास्त्रात ज्याला मागणी म्हणतात ती सरकारनं खडीच्या ढिगाऱ्यावर निर्माण केली, आणि त्या मागणीनं बाजार हलवला. त्याच काळात आफ्रिकेत साहेल पट्ट्यात दुष्काळ होता. तिथे माणशी धान्याचं उत्पादन महाराष्ट्रापेक्षा बरंच अधिक होतं, आणि तरी तिथे फार मोठ्या संख्येनं माणसं मेली. महाराष्ट्रात हाल झाले, मुलं खंगली, काही मृत्यू वाढले. पण १८७७ घडलं नाही.

म्हणून त्या वर्षीच्या पैशाविषयी माझं मत ठाम आहे. तो आपल्या राज्यानं आजवर केलेला सर्वांत चांगला खर्च होता. हे म्हणताना खडीकडे काणाडोळा करायचं मात्र कारण नाही. फोडलेली खडी रस्त्यांना पुरून उरण्याइतकी होती, आणि कित्येक ठिकाणी ज्या रस्त्यासाठी ती फोडली तो झालाच नाही. ढीग तसेच पडून राहिले. पाझर तलाव झाले, पण घाईत निवडलेल्या जागांवर. लोकांच्या मनात तेव्हा जो राग साचला तो याबद्दलचा होता: आम्ही राबायला तयार आहोत, मग आमच्याकडून पुढच्या दुष्काळाला उपयोगी पडेल असं काम का करून घेत नाही?

पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे यांना हाच प्रश्न पुरंदरच्या दुष्काळी कामांवर पडला. माणसं खडी फोडताहेत, पैसा ओतला जातो आहे, आणि पाऊस पडेल तेव्हा पाणी पुन्हा उताराने वाहून जाणार आहे. स्वतः अभियंता असल्यानं त्यांना हे सोसलं नाही. नायगावला देवस्थानची उतारावरची उजाड जमीन त्यांनी खंडानं घेतली, बांध घातले, खाली पाणी अडवलं, आणि त्यातून पुढे पाणी पंचायतीची कल्पना आली: पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर ठरायचा, आणि भूमिहीनालाही तो मिळायचा. सरकारी पैशाचं मोल कशानं ठरतं याचं इतकं नेमकं उत्तर त्या पिढीत क्वचितच कुणी दिलं असेल.

आता ज्यांच्या डोक्यातून ते वचन निघालं, ते पागे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे हे तासगाव भागातले गांधीवादी. विधिमंडळाच्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला आज त्यांचं नाव आहे, पण त्यांचं खरं काम विसापूरच्या शेतांत झालं. १९६५ मध्ये त्यांनी तिथे एक छोटा प्रयोग केला: गावात ज्याला काम हवं त्याला वर्षभर काम देता येतं का, आणि त्याला खर्च किती येतो? दुष्काळ पडल्यावर नव्हे, एरवीच्या वर्षात, जेव्हा फेब्रुवारी ते जून शेतमजुराचा हात रिकामा असतो. त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्रं लिहिली, हिशेब मांडला. १९६९ च्या एकात्मिक क्षेत्र विकास योजनेत त्यांची कल्पना शिरली. १९७२ मध्ये रोजगार हमी योजना म्हणून ती जाहीर झाली, आणि लगेच दुष्काळाच्या अफाट कामांमध्ये ती वर्षभर दिसेनाशी झाली. दुष्काळ ओसरल्यावर सरकारपुढे प्रश्न होता: ५० लाखांची ही यंत्रणा मोडायची की तिच्यातून काही कायमचं घडवायचं? पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्येच भारतातल्या दारिद्र्यावरच्या आपल्या अभ्यासात सार्वजनिक कामांचा आग्रह धरला होता. मोर्चे निघत होते, संघटना कामाची मागणी करत होत्या. पागे यांच्या हिशेबाला अशा वेळी जमीन मिळाली.

पण पैसा कुठून? व्यवसाय कर १९७५ मध्ये आला. त्याच्या जोडीला विक्रीकरावर अधिभार, मोटारींवर वाढीव कर, बागायत जमिनीवर कर, शहरांतल्या बिगरनिवासी इमारतींवर रोजगार हमी उपकर. या करांतून जितकं जमेल तितकीच भर राज्य शासनानं आपल्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं. मोठा भार मुंबईवर पडला, हे उघड आहे. मुंबईनं तो का स्वीकारला? काही अंशी बहात्तरची आठवण ताजी होती, फुटपाथवर येऊन पडलेली कुटुंबं शहरानं पाहिली होती. काही अंशी राजकारण होतं. हेरिंग आणि एडवर्ड्स या दोघा संशोधकांनी १९८३ मध्ये हे स्पष्ट लिहिलं: मजुराला मजुरी मिळते, पण बांध, रस्ते आणि झिरपलेलं पाणी ज्याच्याकडे जमीन आहे त्याला मिळतं. म्हणून ग्रामीण बागायतदाराचा या योजनेला विरोध नव्हता. मजुराची मतं, जमीनमालकाची मत्ता आणि शहराचा पैसा, अशा तिहेरी जुळणीवर विधिमंडळात हा कायदा एकमतानं संमत झाला. १९७७ चा तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

कायद्यानं जे लिहून दिलं ते मोठं होतं. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम; नाही दिलं तर बेकारी भत्ता. काम शक्यतो घराजवळ. ठेकेदार नको. खर्चातला किमान ६० टक्के वाटा अकुशल मजुरीचा. आता जाहीरनाम्याची वाट पाहायची गरज उरली नाही. मागणी हाच जाहीरनामा. टिळकांच्या काळातला अडसर ऐंशी वर्षांनी निघाला.

१९७९-८० मध्ये या योजनेवर २० कोटींहून अधिक मनुष्यदिवस काम झालं. कामावर चाळीस टक्क्यांच्या आसपास बायका असत, कधी निम्म्याहून जास्त. त्याचं कारण सरळ होतं. मजुरी मोजमापावर ठरायची, बाई-पुरुष या भेदावर नाही, आणि काम गावाच्या शिवारातच असायचं. शेतमालकाकडे पुरुषाच्या निम्म्यानं राबणाऱ्या बाईला सरकारी मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, आपलं नाव दिसलं, ते अनेकींनी पहिल्यांदा पाहिलं. हा लाभ अंदाजपत्रकाच्या कुठल्या रकान्यात घालणार?

मस्टर हीच या योजनेची दुखरी जागाही होती. टोळीनं खणलेली माती अभियंता मोजणार, मोजमाप पुस्तकात लिहिणार, त्यावर आठवड्याचा पगार ठरणार. माप कमी धरलं की टोळीचा घाम गेला. माप वाढवून धरलं की वरचा पैसा कुणाच्या तरी खिशात गेला. मस्टरवर न आलेल्यांची नावं चढायची, एकच हात दहा अंगठे उमटवायचा. पगार आठवड्याला मिळायचा तो महिनामहिना लांबायचा, आणि ज्यानं उधारीवर किराणा आणला आहे त्याला त्या लांबणीचं व्याज भरावं लागायचं. ही चोरी दोघांची होती: ज्यानं कर भरला त्याची आणि ज्यानं माती वाहिली त्याची. हे दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत, म्हणून ती इतकी वर्षं चालली.

या सगळ्यातून गरिबाच्या घरात निव्वळ किती पोचलं, याचं काटेकोर मोजमाप सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कांझरा या दोन गावांत झालं. हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ या संस्थेनं सत्तरच्या दशकापासून या गावांतल्या कुटुंबांच्या कमाईच्या आणि कामाच्या नोंदी ठेवल्या होत्या. गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन यांनी त्यांवरून विचारलं: हमीच्या कामावर गेलेल्या माणसानं दुसरीकडची किती कमाई सोडली? उत्तर आलं, मजुरीच्या पाव हिश्शाच्या आसपास. म्हणजे रुपयातले बारा आणे निव्वळ भर. जो दुसरीकडे कमवू शकतो तो कामावर येत नाही, जो येतो त्याच्याजवळ दुसरं फारसं काही नसतं. १८८० च्या आयोगाचा तो कठोर तर्क इथे मजुराच्या बाजूनं लागला. याच गावांबद्दल आणखी एक निष्कर्ष निघाला होता. जिथे अशी हमी नव्हती त्या तेव्हाच्या आंध्रातल्या औरेपल्लीशी तुलना केली, तर शिरापूर-कांझऱ्यातल्या भूमिहीनांच्या वार्षिक कमाईतले चढउतार जवळजवळ निम्मे होते. ज्याला पुढच्या उन्हाळ्यात काय खाणार याची थोडी खात्री आहे, तो शेळी विकत नाही आणि पोराला शाळेतून काढत नाही.

पण दत्त आणि रॅव्हॅलियन यांनी पुढे जो हिशेब मांडला तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि योजनेच्या चाहत्यांनी तो टाळलेला दिसतो. मजुरीशिवाय साहित्य, देखरेख, यंत्रणा यांचा सगळा खर्च धरला, आणि तेवढाच पैसा कामाविना सरसकट वाटला असता असं मानलं, तर गरिबी साधारण तितकीच कमी झाली असती. म्हणजे कामाची अट घालून जो जास्तीचा लाभ व्हायला हवा तो एकाच गोष्टीतून येऊ शकतो: कामातून जे उभं राहिलं त्यातून. तलावात पाणी साठलं आणि त्यातून पुढच्या वर्षी दुसऱ्याला काम मिळालं, तर करदात्याचा पैसा दुप्पट फळला. तलाव गाळानं भरला, तर टिकाव मारणाऱ्या माणसाची पाठ फुकट मोडली. म्हणून बंधाऱ्याची जागा, उतार, माती आणि मालकी हे प्रश्न तांत्रिक नाहीत. योजनेचं सगळं मोल त्यांवर ठरतं.

आणि इथेच आपण कमी पडलो. पाणी माथ्यापासून पायथ्याकडे अडवत यावं लागतं: आधी डोंगरावर चर आणि झाडं, मग नाले, मग सर्वांत खाली तलाव. सरकारी कामं बरोबर उलट क्रमानं झाली, कारण तलावावर एका जागी शेकडो मजूर लावता येतात, त्यांचं मस्टर एक, मोजमाप एक. नवं काम उघडायला किमान ५० मजुरांची मागणी लागे. डोंगरावरची विखुरलेली छोटी कामं त्या नियमात बसत नसत. काम उन्हाळ्यात सुरू व्हायचं, पाऊस आला की मजूर पेरणीला जायचे, अर्धवट बांध पुराबरोबर वाहायचा, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पुरा करण्याऐवजी दुसरा सुरू व्हायचा. वरचा डोंगर बोडका असल्यानं गाळ येतच राहायचा. जे तलाव धडपणे पाझरले त्यांचं पाणी खालच्या विहिरींत गेलं. विहीर ज्याची, पाणी त्याचं. त्यानं ऊस लावला. तलाव खणणारी बाई त्याच उसाच्या तोडणीला कोयता घेऊन गेली. सरकारी पैसा असा कुणाच्या बांधावर जाऊन थांबतो, हे साळुंख्यांनी बहात्तरच्या दुष्काळी कामांवरच पाहिलं होतं. त्यांचा पाण्याच्या वाट्याचा नियम हमीच्या कायद्यात यायला हवा होता. तो आला नाही, ही त्या कायद्यातली मला सर्वांत जास्त सलणारी उणीव आहे.

जिथे गावानं स्वतः ठरवलं तिथे हाच पैसा वेगळा वागला. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये १९९० नंतर पोपटराव पवार सरपंच असताना रोजगार हमीच्याच निधीतून डोंगरावर समतल चर खणले गेले, झाडं लावली, नाले अडवले, माथ्यापासून पायथ्याकडे. गावानं त्यावर आपले नियम घातले: सिंचनासाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, पावसाचं माप घेऊन कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. मजुरीचे दर तेच, मस्टर तेच, अवजारं तीच. बदल एवढाच होता की काम कशासाठी चाललं आहे हे काम करणाऱ्यांना ठाऊक होतं, आणि पाण्यावर एकट्याचा हक्क उरला नव्हता. स्थलांतर करून गेलेली कुटुंबं परत आली.

१९९० मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना हमीच्या पैशातून शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर फळबाग लावायची योजना निघाली. कोकणात आंबा-काजू, दुष्काळी पट्ट्यात डाळिंब, बोर, सीताफळ. कोकणातल्या वरकस डोंगरांवर आज दिसणाऱ्या काजूच्या बागांना या पैशाचा हात लागलेला आहे. मत्ता टिकली, कारण तिची काळजी घेणारा मालक होता. पण जमीन नसलेल्याला यात खड्डे खणण्याची मजुरी तेवढी मिळाली, आणि सार्वजनिक बांधाचा पैसा खासगी बागेकडे वळला. यातला नफा मी नाकारत नाही. तो हमीच्या मूळ हेतूचा नव्हता, एवढंच.

तोवर हमी आतून आक्रसू लागली होती. १९८८ च्या मे महिन्यात शेतमजुरांचं किमान वेतन दुपटीनं वाढलं आणि हमीचा दरही त्याच्याबरोबर वाढला. मजुराच्या हक्काचंच ते होतं. पण खर्च हाताबाहेर जाईल या धास्तीनं यंत्रणेनं कामं उघडण्यातच हात आखडता घेतला, आणि मागेल त्याला काम या शब्दाला तडा गेला, हे रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधुरी यांनी आकड्यांनिशी दाखवलं. नव्वदच्या दशकात मनुष्यदिवस निम्म्यावर आले. कर मात्र वाढतच होता. घटनेतली व्यवसाय कराची मर्यादा १९८८ मध्ये वर्षाला २५० वरून २,५०० रुपये झाली. हमीच्या नावानं जमणारा पैसा हमीवर होणाऱ्या खर्चाच्या पुढे गेला आणि उरलेला राज्याच्या सर्वसाधारण कारभारात मुरला. पगारदार आपला वाटा भरत राहिला, गावातला मजूर काम मागत राहिला, आणि मधली नाळ तुटली. गैरव्यवहाराच्या बातम्या पुष्कळ छापून आल्या; या तुटलेल्या नाळेबद्दल फारच कमी लिहिलं गेलं, आणि माझ्या मते करदात्याची खरी फसवणूक इथे झाली. त्यानं ज्यासाठी पैसा दिला ते काम न करताच पैसा घेतला गेला.

२००५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात त्याचा आरंभ झाला. मागणीचा हक्क, पंधरा दिवसांची मुदत, बेकारी भत्ता, ठेकेदाराला बंदी, मजुरी आणि साहित्याचं ६०:४० प्रमाण: विसापूरपासून चाललेला विचार देशाच्या कायद्यात उतरला. फरक एक मोठा होता. केंद्रानं कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती. म्हणून २००६ मध्ये राज्यानं आपला कायदा रद्द न करता त्यात दुरुस्ती केली. १०० दिवसांपर्यंतचा मजुरीचा भार केंद्राच्या निधीतून आणि १०१ व्या दिवसापासूनचा राज्याच्या, अशी तजवीज झाली.

कोरडवाहू तालुक्यातल्या भूमिहीन कुटुंबाचे १०० दिवस आर्थिक वर्ष सरण्याआधीच संपले, तर पुढचे महिने कामाविना उभे राहत. १०१ वा दिवस नेमका त्यांच्यासाठी राखून ठेवलेला होता. माझी मागणी साधी आहे: त्या दिवसाचं काम मागायला ग्रामपंचायतीत गेलेल्या माणसाला अर्जाचा नमुना द्यायचा, भरलेल्या अर्जाची पोच द्यायची, आणि विधिमंडळाच्या रोजगार हमी समितीपुढे दरवर्षी एवढाच तक्ता ठेवायचा: हमीच्या नावानं कर किती जमला, १०१ व्या दिवसापासून पुढचं काम किती जणांनी मागितलं, किती जणांना मिळालं.